भांगाचे दिवस

हे सायकलवरून पडले तेव्हा मी कॉलेजात होते. अपघात कसा झाला ते मी लोकांकडूनच ऐकलं आणि प्रत्येकाने थोडं वेगळं सांगितलं. एवढं नक्की, की सकाळी मिरकरवाडा बंदरावर कामाला जाताना उतारावर एक म्हैस आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला आणि सायकलसकट कडेच्या गडग्यावर आदळले. गडगा जांभ्या दगडांचा, नुसता रचलेला. त्यातला एक दगड डोक्याला डाव्या बाजूने लागला. बाकी अंगावर फारसं खरचटलंही नव्हतं. मी इस्पितळात पोचले तेव्हा मला ह्यांच्या पायातली चप्पल दिसली, दोन्ही पायांत नीट, आणि मला वाटलं की काही विशेष झालेलं नसणार.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला डाव्या बाजूला मार बसला की उजवा हात आणि बोलणं, दोन्ही जाऊ शकतं. काही परत येतं, काही येत नाही, आणि किती येईल ते आज सांगता येणार नाही. हे बंदरावर फाटलेली जाळी दुरुस्त करण्याचं काम करतात. उजव्या हाताचं मला लगेच कळलं. बोलण्याचं कळायला वेळ लागला. माणूस बोलेनासा होतो म्हणजे काय होतं, हे मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

अपघाताबद्दल मला जास्त लिहायचं नाही. त्यानंतर माझ्या हातून जे झालं ते लिहायचं आहे, आणि ते कळण्यासाठी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी पोफळीची. वडील तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीत बागकामाला होते, आई साहेब लोकांच्या घरी पोळ्या करायची. मी साहेबांच्या मुलांबरोबर एकाच शाळेत शिकले. शाळेत 'हाय' म्हटलं की बाई 'आहे' म्हणायला लावायच्या, आणि मी लवकर शिकले. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, असं मला सातवी-आठवीपर्यंत जमत होतं. पुढे घरातसुद्धा मी शाळेतलीच बोलायला लागले. आई कधीकधी हसून म्हणायची, "बाईसाहेब आल्या." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तेही लग्नानंतर. बारावीनंतर शिकायचं राहून गेलं होतं. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि दुसऱ्या वर्षी ह्यांनी स्वतः जाऊन फॉर्म आणला. "मला नाय कळत ह्यातलं, तू भर," म्हणाले, आणि मी भरत होते तोवर शेजारी बसून राहिले.

ह्यांचं गाव जयगडच्या खाडीवर. सासरे होते तेव्हा घरची लहान होडी होती. हे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर खाडीत जायचे. पण माझ्याशी हे नेहमी शहरातल्यासारखं बोलायचे, थोडं जपूनच. गावचं बोलणं ऐकू यायचं ते फोनवर आईशी बोलताना, आणि ते इतकं भरभर असायचं की मला अर्धं कळायचं. मी कधी विचारलंही नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्यातून एकदा वाचा-उपचाराच्या मॅडमकडे जायचं ठरलं. सासूबाई ह्यांच्याजवळ इस्पितळात होत्या तोवर ह्यांच्या तोंडून एक अक्षर आलं नव्हतं. मग त्यांना गावाला जावं लागलं, घर आणि दोन गुरं शेजाऱ्यांवर किती दिवस टाकणार. त्या गेल्यावर चार-पाच दिवसांनी ह्यांच्या तोंडून पहिला आवाज आला.

मॅडम चांगल्या होत्या, वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. पुण्याकडून आलेल्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले. पेला, पिशवी, खुर्ची, घर, गाय, असे. रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक पत्ता दाखवायचा, हे काय म्हणतात ते वहीत लिहायचं आणि पुढे खूण करायची: बरोबर, चूक किंवा अर्थहीन. दिवसभरात आपणहून काही बोलले तर तेही लिहायचं.

"अर्थहीन म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे संबंध नसलेला शब्द, किंवा शब्दच नाही असा आवाज. असे शब्द किती येतात ते मला कळायला हवं. त्यावरून ह्यांना आपलं बोलणं कितपत समजतंय याचा अंदाज येतो."

मला तेच हवं होतं. हात बरा झाला नाही तर दुसरं काही काम बघता आलं असतं. पण मी बोलते ते ह्यांना कळतं का? आत हे आहेत का? मी समोर बसून पेज भरवते तेव्हा हे माझ्याकडे बघतात की नुसतेच बघतात? हे मला कोणी सांगत नव्हतं. ती वही सांगेल असं वाटलं. आणि वही ठेवणं हे एक काम मला खरोखर चांगलं येतं. पट्टीने रेघा मारून रकाने आखले. तारीख, वेळ, चित्र, उत्तर, शेरा.

आता त्यात काय लिहिलं ते सांगते.

पाण्याचा पेला रिकामा झाला की हे त्याच्याकडे बोट करून म्हणायचे, "सुकती." मी लिहिलं, सुकती, अर्थहीन. बहुतेक सुकट म्हणायचं असेल असंही कंसात लिहिलं, आणि एक दिवस खरंच सुकट परतून दिली. ह्यांनी ताट बाजूला सारलं.

पिशवीचा पत्ता दाखवला की "डोल" म्हणायचे. मी पत्ता पुन्हा दाखवायचे. "नीट बघा. पि. पि-श." "डोल," हे म्हणायचे, जरा मोठ्याने. डोल, चूक.

एकदा ह्यांना न्हाणीघराकडे नेत होते. ह्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर. दारापाशी हे म्हणाले, "नांगर." मी म्हटलं, हो हो, आलंच आता. "नांगर! नांगर!" मी ओढतच नेलं, कारण मला वाटलं उशीर झाला तर अडचण होईल. ह्यांचा उजवा पाय उंबऱ्याला अडकला आणि दोघंही पडलो. ह्यांच्या कोपराला लागलं. मी ते पुसलं, ह्यांना झोपवलं, आणि वही काढून लिहिलं: नांगर, दोन-तीन वेळा, अर्थहीन.

आणि भांग. हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आहे. सकाळी उठवलं की मी विचारायचे, "आज कसं वाटतंय?" हे थोडा वेळ शोधायचे, ओठ हलायचे, आणि म्हणायचे, "भांग."

पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला. शब्द स्पष्ट होता. ह्यांना डोकं विंचरून हवं आहे. डोक्याला टाके होते तिथले केस कापलेले, बाकीचे वाढलेले, माणसाला वाटणारच. मी फणी आणली, पाणी लावून हळूच भांग पाडला, आरसा समोर धरला. ह्यांनी आरशात पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांग. मी पुन्हा विंचरलं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, डाव्या बाजूला हवा असेल. मग मधोमध पाडून पाहिला. एकदा विंचरून झाल्यावर लगेच म्हणाले, "भांग," आणि डाव्या हाताने फणी उडवून दिली.

शेजारच्या काकी दारातून बघत होत्या. "काय गो, भांग मागतोय? होळीला अजून वेळ हाय म्हणावं," म्हणाल्या. मी हसले. हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यानंतर ह्यांचं बोलणं कमी होत गेलं. पत्ते दाखवले की डोळे मिटून घ्यायचे. मी वहीत लिहिलं, सहकार्य नाही. 'सहकार्य' हा शब्द लिहिताना मला जरा बरं वाटलं होतं, तेही आठवतं. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी वही वाचली, मागची पानं उलटली, आणि म्हणाल्या, "असे शब्द वाढत चाललेत. समजण्यावरही परिणाम झालेला दिसतो. आपण अपेक्षा थोड्या कमी ठेवू." त्यांनी ते मृदूपणे सांगितलं. हे शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

त्या आठवड्यात सासूबाई आल्या. एसटीने, सकाळच्या गाडीने, तांदळाच्या पिठाची आणि कुळथाची गाठोडी घेऊन. आल्या आल्या लेकाजवळ बसल्या, त्याचा हात हातात घेऊन चोळत राहिल्या. मी चहा टाकला.

"काय बोलतो का नाय?" त्यांनी मला विचारलं.

"बोलतात, पण अर्थ नसतो आई. मॅडम म्हणाल्यात लिहून ठेवा, तर मी लिहिते."

"वाच बघू."

त्यांना वाचता येत नाही. मी वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. जसं लिहिलं होतं तसंच, शेऱ्यासकट. सुकती, अर्थहीन. डोल, चूक. त्या ऐकत होत्या, आणि दोन-तीन ओळी झाल्यावर त्यांचा चोळणारा हात थांबला.

"थांब. सुकती कधी म्हणाला?"

"पेल्यातलं पाणी संपलं की."

"मग? सुकतीच ना ती. पाणी गेला म्हंजे सुकती. आणि डोल तुला म्हायत नाय? डोल गो, पिशवीवानी जाळा असतो तो. खाडीत लावतात."

मी म्हटलं, "चित्र पिशवीचं होतं."

"मग तो काय वेगळा म्हणाला?"

मी वाचायची थांबले. त्याच म्हणाल्या, पुढे वाच. मी नांगर वाचलं. न्हाणीघरापाशी पडलो ते सांगितलं.

"अगो बाय," त्या एकदम म्हणाल्या. "थांब म्हणत होता तुला. होडी थांबवायची तर काय टाकतात? त्याचा बापूस पोरांना तसाच म्हणायचा. पोरा धावायला लागली की नांगर, नांगर!"

खरं सांगायचं तर नांगर शब्दाचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. जहाजाने नांगर टाकला हे वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल. पण ते पुस्तकात. ह्यांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेतातला नांगर आला, आणि न्हाणीघराच्या दारात शेतातला नांगर म्हणजे मेंदूतली गडबड, असं मी ठरवून टाकलं.

मग भांग. मी सांगितलं की रोज सकाळी भांग म्हणतात, मी विंचरते, तरी पुन्हा म्हणतात. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"विंचरतेस?"

"हो."

"रोज?"

"हो."

त्या ह्यांच्याकडे वळल्या. आवाज खाली आणून, लहान मुलाला विचारावं तसं नव्हे, बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "काय रे, आज काय, भांग का उधाण?"

ह्यांनी डोळे उघडले. "भांग," म्हणाले.

"असू दे. पडून ऱ्हा मग."

आणि हे खरंच पडले, कुशीवर वळले, आणि मला दिसलं की ह्यांचे खांदे सैल झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारून उत्तर ऐकलं होतं.

अमावस्या-पुनवेला पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, ते उधाण. सप्तमी-अष्टमीला पाण्याला जोर नसतो, धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. सासूबाई सांगत होत्या की सासऱ्यांना बरं नसलं, अंगात शक्ती नसली, की ते म्हणायचे, आज भांग. मग घरात सगळ्यांनाच सवय झाली. त्या बोलत होत्या आणि मला शाळेतलं भूगोलाचं पुस्तक दिसत होतं. भांगाची भरती-ओहोटी. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काटकोनात असतात तेव्हा. मी त्याची आकृती काढली होती, पेन्सिलने, कंपास वापरून. बाईंनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती. मला त्या शब्दाची व्याख्या पाठ होती, आणि माझा नवरा रोज सकाळी तो शब्द मला सांगत होता, आणि मी फणी आणत होते.

मला वाटतं, चूक फक्त शब्द न कळण्याची नव्हती. न कळलेलं विचारता आलं असतं. एक फोन करायचा, आई, सुकती म्हणजे काय हो? पण माझ्या मनात ह्यांचे शब्द दोनच प्रकारचे होते. एक पत्त्यावर छापलेले, ते बरोबर. दुसरे सगळे बिघडलेले. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला जड जातंय. पहिल्या आठवड्यात मला असंही वाटून गेलं होतं, की आता नव्याने शिकायचंच आहे तर शुद्धच शिकतील.

पुढच्या भेटीला मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि माझ्याकडून एकेका शब्दाचा अर्थ विचारून लाल शाईने शेरे खोडत गेल्या. बराच वेळ लागला. काही शब्द तरीही अर्थहीनच राहिले, सगळेच काही खाडीचे नव्हते. शेवटी पेन ठेवून त्या म्हणाल्या, "घरात कुठले शब्द वापरता हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. ते माझं काम होतं." मग ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आज भांग का?" उच्चार जरा पुणेरी झाला. हे किंचित हसले. अपघातानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. ह्यांना सगळं कळत होतं, हे कळल्याचा आनंद झाला तो पहिला तासभर. नंतर दुसरंच सुरू झालं. सगळं कळत होतं म्हणजे सगळंच कळत होतं. मॅडमचं अपेक्षा कमी ठेवू हेही. काकींची होळीही. आणि एका दुपारी मी ह्यांच्या खाटेजवळच उभी राहून पोफळीला आईला फोनवर म्हटलं होतं, "आई, हे आता हे राहिले नाहीत गं. रिकामं घर सांभाळल्यासारखं वाटतं." हळू आवाजातसुद्धा नाही. कपड्यांच्या घड्या करत करत.

ते वाक्य मी काही दिवस घेऊन हिंडले. सासूबाई घरात होत्या, त्या लेकाशी बोलायच्या, हे उत्तरं द्यायचे, एकेक शब्द, मग दोन-दोन. सासूबाई कधी चूक-बरोबर करत नसत. कळलं नाही तर सरळ म्हणायच्या, "नाय समजला मेल्या, परत बोल." हे चिडून परत बोलायचे. घरात आवाज होता. मी मात्र पेज, औषधं, हाताचा व्यायाम याच्यापलीकडे ह्यांच्याशी बोलत नव्हते. लाज वाटत होती.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या त्या दुपारी मी ह्यांच्याजवळ बसले. ह्यांच्या उजव्या हातात चेंडू होता, तो दाबायचा व्यायाम चालला होता. मी म्हटलं, "मी पोफळीला फोनवर बोलले होते. तुमच्याबद्दल. ते तुम्ही ऐकलंत?"

हे चेंडू दाबत राहिले. मग म्हणाले, "ऐकला."

"कळलं होतं?"

"सगळा."

मी विचारलं, राग आला का. हे शब्द शोधायला लागले. ह्यांचे ओठ असे शोधायला लागले की मला राहवत नसे, मी लगेच पुढचं अक्षर पुरवायचे. त्या दिवशी मी हात मांडीवर घट्ट धरून गप्प बसले. खूप वेळ गेला. बाहेर कोणीतरी मासेवालीशी घासाघीस करत होतं, ते सगळं ऐकू येत होतं.

"भ्यालो," हे म्हणाले.

"माझ्या बोलण्याला?"

ह्यांनी मान हलवली, नाही. चेंडू ठेवून डाव्या हाताने खिडकीतल्या वहीकडे बोट केलं.

माझे वडील मुकादमाच्या वहीला भ्यायचे. आज गैरहजर लिहिलं असेल का, हे ते आठवडाभर आम्हाला विचारत राहायचे, कारण त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मला शिकवण्यामागे त्यांची तीच एक इच्छा होती, की घरात कोणीतरी असावं ज्याला त्या वहीत काय आहे ते दिसेल. आणि मी शिकले, आणि माझ्या घरात तशीच एक वही ठेवली, आणि त्यात माझ्या माणसाला गैरहजर लिहिलं.

मी हे सगळं ह्यांना तेव्हा सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "माझं चुकलं." ह्यांनी बरं, असू दे, वगैरे काहीही म्हटलं नाही. पुन्हा चेंडू घेतला. त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत, आईशी बोलत होते. दोन दिवसांनी म्हणाले, "चाय." मी चहा दिला.

आता वर्ष होऊन गेलं. हे लहान वाक्यं बोलतात. दमले की शब्द हरवतात. उजवी बोटं पूर्ण वळत नाहीत, जाळ्याच्या गाठी डाव्या हाताने मारायला शिकताहेत, आणि बंदरावर बसून इतरांना कुठे फाटलंय ते दाखवतात. सायकल विकली नाही, पण वापरतही नाहीत. माझं कॉलेजचं एक वर्ष बुडालं होतं, त्याची परीक्षा मी पुन्हा दिली. पत्ते मॅडमना परत केले. वही आमच्याकडेच आहे. तिच्यात मी अजून लिहिते, पण लिहिण्याआधी विचारते, "लिहू का?" कधी हे हो म्हणतात. कधी "नको" म्हणतात, मग मी लिहीत नाही.

हे लिहायचं ठरवलं तेव्हाही विचारलं. म्हटलं, आपल्याबद्दल आहे, अपघातानंतरचं, मी काय काय केलं ते. लोक वाचतील. हे जाळ्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसले होते. गाठ पुरी केली, दात लावून दोरा तोडला, मग माझ्याकडे पाहिलं.

"लिव," म्हणाले. आणि मी उठून आत निघाले तशी पाठीमागून, सावकाश, एकेक अक्षर सोडवत, "बराबर... लिव."